पहिला शनिवार उधारीचा, दुसरा स्वतःचा : सुपरगर्ल, स्पायडर-मॅन, डूम्सडे किती कमावतील?

मधली_रांग (धागाकर्ता)

'अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे' १ मेवरून १८ डिसेंबर २०२६ वर ढकलला गेला, तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. यंदा मोठे तीन आहेत. २६ जूनला 'सुपरगर्ल', ३१ जुलैला 'स्पायडर-मॅन : ब्रँड न्यू डे' आणि वर्ष सरता सरता डूम्सडे. सुपरमॅनवाल्या डीसीचा 'क्लेफेस'ही येतोय, पण तो कमी बजेटचा भयपट आहे, त्याचं गणितच निराळं. म्हणून तो इथे नको. आकडे सगळे डॉलरमध्ये, ओपनिंग आणि घसरणीचे आकडे अमेरिकेतले, एकूण गल्ला जगभरचा.

माझं म्हणणं आधीच मांडतो. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला त्या सिनेमाचा नसतोच. तो आधीच्या सिनेमाने मिळवून ठेवलेला विश्वास असतो, हा फक्त तो वठवतो. सिनेमाची स्वतःची कमाई दुसऱ्या शुक्रवारी सुरू होते.

मार्व्हल स्टुडिओचं २०२३ हे साल बघा. फेब्रुवारीत 'क्वांटमेनिया' आला. ओपनिंग १०.६ कोटी, अँट-मॅनच्या तिन्ही सिनेमांत सगळ्यात मोठं. दुसऱ्या वीकेंडला जवळपास ७० टक्के घसरण. एकूण ४७.६ कोटींवर गाडी थांबली. मे महिन्यात 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'चा तिसरा भाग आला. ओपनिंग ११.८ कोटी, म्हणजे दुसऱ्या भागाच्या १४.६ पेक्षा बरंच कमी. क्वांटमेनियाने नाराज केलेली माणसं आलीच नव्हती. पण दुसऱ्या आठवड्यात घसरण फक्त ४८ टक्के आणि एकूण ८४.५ कोटी. मग नोव्हेंबरात 'द मार्व्हल्स': ओपनिंग ४.६ कोटी, एकूण २०.६. ज्या 'कॅप्टन मार्व्हल'ने २०१९ मध्ये ११३ कोटी केले होते, तिचाच हा पुढचा भाग. स्टुडिओ एकच, वर्ष एकच. मग "लोक सुपरहिरोंना कंटाळले" हे एकच कारण तिन्ही निकालांना कसं पुरेल?

गार्डियन्सच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी मी पुन्हा गेलो होतो. वीसेक माणसं असतील. पुढच्या रांगेत सात-आठ वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. पिंजऱ्यातल्या त्या चौघांचा प्रसंग संपला तेव्हा ती खुर्चीवर गुडघे टेकून, पाठीला दोन्ही हातांनी धरून उभी होती, तोंड पडद्याकडे नाही, वडिलांकडे. "लायला उठेल ना परत?" वडिलांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. उत्तर काही त्यांनी दिलं नाही. शो सुटल्यावर जिन्यात ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "तू बघच. मी परत येतो तुझ्याबरोबर." दुसऱ्या आठवड्याचा गल्ला म्हणजे हा फोन.

तर या हिशेबाने तिन्हींबद्दल तुमचा अंदाज सांगा. आकडा हवाच, नुसतं "चालेल" नको.

आकडेमोड

धागा उत्तम. उधारीचा मुद्दा पटला, पण एक गाठ सुटत नाही. 'जोकर' २०१९ मध्ये १०० कोटींच्या वर गेला, लोकांनी डोक्यावर घेतला. तुमच्या नियमाने दुसऱ्या भागाचं ओपनिंग दणदणीत व्हायला हवं होतं. झालं काय? पहिल्याचं ९.६ कोटी, दुसऱ्याचं ३.८ सुद्धा नाही. एकूण २०.७ कोटींच्या आसपास. म्हणजे विश्वास जमा असूनही वठला नाही.

आणि जगभरचा गल्ला म्हणजे स्टुडिओची कमाई नव्हे, हेही इथे लिहून ठेवू, कारण दर वेळी यावरून गोंधळ होतो. अमेरिकेत तिकिटाचा साधारण अर्धा वाटा स्टुडिओकडे येतो, बाहेरच्या देशांत त्याहून कमी आणि चीनमध्ये जेमतेम चौथाई. त्यात जाहिरातीचा खर्च बजेटमध्ये धरलेला नसतो. म्हणून ढोबळमानाने बजेटच्या अडीच पट गल्ला झाला की सिनेमा पाण्याबाहेर आला असं मानतात. 'सुपरमॅन'चं बजेट २२.५ कोटी, गल्ला ६१ कोटींच्या पुढे. म्हणजे तरला, पण उड्या माराव्यात असं काही नाही. त्यातले ३५ कोटी एकट्या अमेरिकेतले. बाहेरच्या जगाने त्याला अजून आपलं म्हटलेलं नाही, आणि 'सुपरगर्ल'ची खरी अडचण तीच आहे.

मधली_रांग

जोकरचा दाखला बिनतोड आहे. नियमात दुरुस्ती करतो: विश्वास जमा असतो तो त्याच वस्तूसाठी. पहिल्या जोकरला गेलेल्या माणसाला तोच अंधार, तीच घुसमट पुन्हा हवी होती. ट्रेलरमध्ये गाणी दिसली, व्हेनिसच्या महोत्सवातून थंड परीक्षणं आली आणि त्याने तिकीट काढलंच नाही. जे गेले त्यांनी सिनेमास्कोरला 'डी' दिला. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात कार्ड देऊन त्यांच्याकडून श्रेणी घेतात. सुपरहिरो सिनेमाला 'बी' मिळाला तरी धोक्याची घंटा समजतात. क्वांटमेनियाला 'बी' होता.)

कॉमिक्सवेडी

सुपरगर्लवर मला बोलायचंय, कारण बहुतेक जण तिला "सुपरमॅनची बहीण" म्हणून निकालात काढतील.

हा सिनेमा टॉम किंग आणि बिल्किस एव्हली यांच्या 'वुमन ऑफ टुमॉरो' या आठ अंकांच्या कॉमिकवर बेतलेला आहे. वडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेली रूथी नावाची एक लहान मुलगी, आणि तिच्याबरोबर नाइलाजाने निघालेली कारा, म्हणजे सुपरगर्ल. कॅल-एल, म्हणजे सुपरमॅन, तान्हा असताना पृथ्वीवर आला, त्याला त्यांचा ग्रह क्रिप्टॉन आठवतच नाही. काराने आपली माणसं एकेक करून मरताना पाहिली आहेत. दोघांच्या शक्ती सारख्या, पण बालपण असं. एव्हलीच्या चित्रांत अवकाश काळं नसतंच मुळी. जांभळं, गुलाबी, गढूळ पिवळं. काराचा केप एखाद्या चौकटीत अर्धं पान व्यापून फडकत असतो आणि ती स्वतः कोपऱ्यात थकून बसलेली असते. ते पान मी कितीदा उघडून बसते. त्या रंगांतलं थोडं जरी पडद्यावर उतरलं तरी मला पुरे.

'सुपरमॅन'च्या शेवटी क्रिप्टो कुत्र्याला न्यायला झिंगत आलेली सुपरगर्ल, मिली अल्कॉक, मिनिटभरच दिसली, पण थिएटरात त्या मिनिटाला उठलेला आवाज मी ऐकलाय. शिवाय जेसन मोमोआ लोबो आहे. अंदाज: ओपनिंग ७ कोटी, एकूण ३८ ते ४२. मनातून वाटतं की ५० व्हावेत.

जुना_प्रेक्षक

३० कोटी. कॉमिक चांगलं असणं आणि जून महिन्यात घरच्या सगळ्यांनी मिळून तिकिटं काढणं यात फार अंतर आहे. सूडकथा, दारू पिणारी नायिका. लहान मुलांना घेऊन जाणारे कचरतील. १९८४ मध्येही सुपरगर्ल आली होती, आणि पडली होती. तेव्हा कारण सिनेमा होता. आता नायिकेची ओळख करून देण्यातच पहिला आठवडा जाईल असं वाटतं.

कॉमिक्सवेडी

@जुना_प्रेक्षक, 'गार्डियन्स'ची तरी २०१४ च्या आधी कुणाला ओळख होती? बोलणारं रकून आणि तीन शब्दांचं झाड! ओळख सिनेमा करून देतो.

जुना_प्रेक्षक

२०१४ मध्ये मार्व्हलच्या शिक्क्यावर माणसं डोळे मिटून आत जायची. तो शिक्का डीसीकडे अजून नाही. 'शझॅम'चा दुसरा भाग, 'ब्लू बीटल', 'द फ्लॅश' हे सगळं लोकांच्या लक्षात आहे. डीसीचे नवे सूत्रधार जेम्स गन यांनी पाटी कोरी केली, मान्य. पण प्रेक्षकाच्या डोक्यातली पाटी एका सिनेमाने पुसली जात नाही.

शेवटचा_शो

मी काही वर्षं एका मल्टिप्लेक्सात काम केलंय, तिथून दिसलेलं सांगतो. तिथे सोमवार हा कत्तलीचा दिवस. शनिवार-रविवारचे आकडे हातात आले की पुढच्या शुक्रवारपासून कुणाला किती शो ते ठरायचं. सहा पडद्यांवरून सिनेमा तीनवर आला की तो कितीही चांगला असो, नोकरदाराला सोयीची वेळच उरत नाही. दुपारी पावणेतीनला कोण येणार? मग गल्ला आणखी घसरतो, शो आणखी कापले जातात.

त्यामुळे "लोक एकमेकांना सांगतील, हळूहळू चालेल" हे मोठ्या सिनेमाच्या बाबतीत मला तरी फार कमी वेळा खरं झालेलं दिसलंय. 'थंडरबोल्ट्स' आठवा. सिनेमास्कोर 'ए मायनस', परीक्षणं चांगली. तरी ओपनिंग ७.४ कोटी आणि एकूण ३८. आदल्या फेब्रुवारीतल्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'ची उधारी त्याने फेडली, इथवर धागाकर्त्यांचं बरोबर. पण मग दुसऱ्या आठवड्यात स्वतःची कमाई का नाही झाली? घसरण ५६ टक्के होती.

आकडेमोड

आणि 'फँटास्टिक फोर'! सिनेमास्कोर तोच, 'ए मायनस'. ओपनिंग ११.८ कोटी, गार्डियन्स ३ इतकंच. घसरण ६६ टक्के. एकूण ५२ कोटी. एकाच ओपनिंगवरून एक ८४ ला गेला, दुसरा ५२ ला.

मधली_रांग

याच्यावर दोन दिवस विचार करत होतो, म्हणून उशीर झाला.

फँटास्टिक फोर मला मनापासून आवडला. साठच्या दशकाचा तो उजळ निळा रंग, गॅलॅक्टसचा आकार, सू स्टॉर्मचं बाळंतपण. पण थिएटरातून बाहेर पडताना मी कुणाला फोन केला नाही. चांगला होता आणि संपला. 'ए मायनस' देणारा माणूस समाधानी असतो, पण समाधानी माणूस दुसऱ्याला ओढून नेईलच असं नाही. त्यातून काही महिन्यांत हे घरबसल्या बघायला मिळणार हे आता सगळ्यांना पाठ झालंय. डिस्ने प्लस नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी थिएटरं बंद पडली. त्या दीड-दोन वर्षांत "थांबू या की" ही सवय लागली ती लागलीच. आता पहिल्या तीन दिवसांत चाहते जातात. उरलेल्यांना सोफ्यावरून उठवायला "छान आहे" पुरत नाही, "आत्ताच बघायला हवा" असं काहीतरी लागतं.

स्पायडर-मॅनकडे नेमकं ते आहे. 'नो वे होम'ने डिसेंबर २०२१ मध्ये १९० कोटींच्या वर कमावले, तेही चीनमध्ये प्रदर्शित न होता, महामारीची लाट पुन्हा वाढत असताना. आणि शेवट आठवा. पीटर (स्पायडर-मॅन) कॉफीच्या दुकानात त्याला विसरलेल्या प्रेयसीसमोर, एमजेसमोर उभा आहे, बोलायचं सगळं कागदावर लिहून आणलंय, तिच्या कपाळावरची पट्टी त्याला दिसते आणि तो कागद खिशातच राहतो. मग रिकामी खोली, शिवणयंत्र, स्वतः शिवलेला पोशाख. जगात त्याला ओळखणारं कुणी नाही. एवढी मोठी उधारी कुठल्याच सिनेमाने पुढच्यासाठी शिल्लक ठेवली नव्हती. त्या मुलाचं पुढे काय झालं हे चार-साडेचार वर्षं लोकांना माहीत नाही.

माझा अंदाज: ओपनिंग १८ ते २० कोटी, एकूण ११५ ते १२५. यंदाचा सगळ्यात खात्रीचा सिनेमा हाच.

रात्रपाळी

स्पायडर-मॅनला १०० पक्के. फक्त एक काळजी. १७ जुलैला नोलनचा 'द ओडिसी' आहे, पूर्ण आयमॅक्स कॅमेऱ्यांवर चित्रित केलेला. त्यातही टॉम हॉलंड आणि झेंडाया आहेत! दोनच आठवड्यांनी स्पायडर-मॅनला आयमॅक्सचे पडदे कितपत मिळतील? महागडी तिकिटं तिथलीच असतात. ओपनिंगमधले दोनेक कोटी इकडचे तिकडे होतील. शिवाय पनिशर आणि हल्क दोघेही आहेत म्हणतात. गर्दी झाली की पीटरचं एकटेपण हरवेल, ही भीती आकड्यांपेक्षा मोठी वाटते.

मधली_रांग

@रात्रपाळी, शेवटच्या वाक्याला शंभर वेळा सहमत. दिग्दर्शक डेस्टिन डॅनियल क्रेटन आहेत. 'शांग-ची'मध्ये बसमधली मारामारी जितकी लक्षात राहिली तितकाच बाप-लेकांमधला अबोला. म्हणून मला आशा आहे.

आकडेमोड

आता डूम्सडे. 'एंडगेम'चे २८० कोटी कुणी पुन्हा होतील म्हणत असेल तर साधी वजाबाकी करा. त्यातले ६० कोटींहून जास्त चीनमधून आले होते. तो बाजार हॉलिवूडच्या सुपरहिरोंसाठी आता जवळपास आटलाय. राहिले २२० च्या आत. त्यांच्यामागे अकरा वर्षांत बांधत नेलेले एकवीस सिनेमे होते, आणि 'इन्फिनिटी वॉर'ने अर्धं जग नाहीसं करून वर्षभर लोकांना टांगून ठेवलं होतं. डूम्सडेच्या आधी काय आहे? कांग हा खलनायक उभा केला, ती भूमिका करणाऱ्या जोनाथन मेजर्सला डिसेंबर २०२३ मध्ये दोषी ठरवल्यावर काढून टाकलं आणि ती सगळी बांधणी वाया गेली. जुलै २०२४ मध्ये नवा खलनायक डूम म्हणून, आधी टोनी स्टार्क ऊर्फ आयर्न मॅन झालेल्या रॉबर्ट डाउनी ज्युनिअरने मुखवटा काढला तेव्हा सभागृह दणाणलं, पण तो टाळ्यांचा आवाज टोनी स्टार्कसाठी होता. व्हिक्टर व्हॉन डूमला त्या विश्वात अजून कुणी धड भेटलेलंच नाही.

अंदाज: ओपनिंग २१, एकूण १४०.

जुना_प्रेक्षक

मी वर जाणार. १८० ते २००. माझं कारण टोनी नाही, एक्स-मेन. पॅट्रिक स्ट्युअर्ट, इयन मॅककेलन, जेम्स मार्सडन, केल्सी ग्रॅमर. २००० साली पहिला 'एक्स-मेन' पाहिला तेव्हा मी कॉलेजात होतो, आता माझा मुलगा कॉलेजात आहे. मार्च २०२५ मध्ये त्या खुर्च्यांवर एकेक नाव दाखवणारं प्रक्षेपण पाच तासांहून जास्त चाललं, आणि मी कामं बाजूला सारून ते पाहिलं. रिकाम्या खुर्च्या! तरी मॅककेलनचं नाव आलं तेव्हा घशात आवंढा आला. 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ने १३३ कोटी केले ते असल्याच ओढीवर.

आकडेमोड

आणि मायकल कीटनचा बॅटमॅन परत आणूनही 'द फ्लॅश' २७ कोटींवर आटोपला, तोही असल्याच ओढीवर. जुनी माणसं आणली म्हणून माणसं येत नाहीत. ह्यू जॅकमन चालला कारण ती त्या दोघांची गोष्ट होती, पाहुणा म्हणून हात हलवून गेला नाही. सत्तावीस नावांतल्या किती जणांना गोष्ट मिळेल?

शेवटचा_शो

तारखेचा विचार कुणीच केला नाही. १८ डिसेंबरलाच 'ड्यून'चा तिसरा भाग आहे, आणि आयमॅक्सचे पडदे पहिले तीन आठवडे त्याने राखून ठेवलेत अशी बातमी आहे. अ‍ॅव्हेंजर्सचा सिनेमा आयमॅक्सशिवाय सुरू होणं ही लहान गोष्ट नाही. पण डिसेंबरचा एक फायदा असा की नाताळ ते नवं वर्ष रोज रविवारच असतो. मी वर सांगितलेली सोमवारची कत्तल त्या दोन आठवड्यांत होत नाही. सिनेमा बरा असला तर इतर महिन्यांपेक्षा जास्त टिकेल. माझे १६५.

मधली_रांग

तारखेचा मुद्दा भारी. मी १७० लिहून ठेवलं होतं. आकडेमोड यांचं टाळ्यांबद्दलचं वाचून ते खोडलं, आणि नाताळचं वाचून पुन्हा लिहिलं. सध्या तरी १७०, ओपनिंग २४. चीन नसतानाही 'नो वे होम' १९० च्या पुढे गेला, त्यामुळे वाट बंद नाही. फक्त तिथे वेगवेगळ्या मालिकांतले तीन पीटर एकत्र येऊन पाठदुखीवर बोलत होते, आणि तेवढ्यासाठी लोक दुसऱ्यांदा गेले होते.

रात्रपाळी

माझेही १५० टाका. आणि एक गोष्ट, आकड्यांशी थेट संबंध नाही. डिसेंबर २०२५ मध्ये 'अवतार'च्या तिसऱ्या भागाआधी डूम्सडेची झलक दाखवली. स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, मोटरसायकलवरून घरी येतो, तान्ह्या बाळाला हातात घेतो, तीच. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, एंडगेम त्याने घरीच पाहिलाय, कितीदा ते मोजलं नाही. परत येताना गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, डूमचा चेहरा टोनीसारखाच असेल, तर कॅप त्याला मारेल कसा?"

आकडेमोड

@रात्रपाळी, हे भाच्याचं वाक्य ट्रेलरमध्ये वापरलं असतं तर मी २१ च्या जागी २५ लिहिले असते. माझा खलनायक अनोळखी होता, त्याचा नाही. ओपनिंगचा आकडा बदलतोय: २३. एकूण १४० तसेच ठेवतो, कारण त्या मुलाला उत्तर मिळालं की नाही हे दुसऱ्या शनिवारीच कळेल.

मधली_रांग

नोंदवलं. सुपरगर्लचे अंदाज २५ जूनच्या रात्रीपर्यंत बदलता येतील, त्यानंतर नाही. कॉमिक्सवेडी, तुमचे ४२ धरू की ५०?

कॉमिक्सवेडी

५० धरा.